पाण्याची वाटणी : नायगावच्या माळावरील एक प्रयोग

पालघर तालुक्यातील सालवड हे गाव बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना लागून वसलेले आहे. समुद्र तेथून फार दूर नाही. मृगापासून हस्तापर्यंत या पट्ट्यात जो पाऊस कोसळतो तो नव्वद-शंभर इंचांच्या घरात जातो. भाताची खाचरे तुडुंब भरतात, ओहोळ रस्त्यांवर येतात, आणि आभाळ केव्हा उघडेल याची माणसे वाट पाहू लागतात. परंतु याच जिल्ह्याच्या पूर्वेस, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, फाल्गुन सरता सरता बायकांच्या डोईवर हंडे चढतात आणि आटलेल्या झऱ्याच्या तळाशी वाटी-वाटीने पाणी जमविण्याचे काम सुरू होते. पाऊस निराळा आणि पाणी निराळे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकापेक्षा त्या हंड्यावरून अधिक चांगली कळते. आकाश जे देते तो पाऊस. माणूस त्यातून जे राखून ठेवतो आणि वाटून घेतो ते पाणी.

हे राखणे आणि हे वाटणे कसे करावे, याचा महाराष्ट्रातील एक अत्यंत बोधप्रद प्रयोग सालवडपासून दूर, घाटमाथ्याच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या एका उजाड माळावर तो सुरू झाला, आणि पुढे ‘पाणी पंचायत’ या नावाने सर्वश्रुत झाला. श्रोतेहो, त्या प्रयोगाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. आणि तो जेथे यशस्वी झाला व जेथे अडखळला, ती दोन्ही स्थळे सारखीच पाहण्यासारखी आहेत.

पुरंदर म्हटले की मराठी माणसास मुरारबाजीचा किल्ला, जेजुरीचा खंडोबा आणि सासवडचे सोपानदेव आठवतात. साहित्यप्रेमी वाचकास आचार्य अत्र्यांचे जन्मग्राम कोडीत खुर्द आठवेल, आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव का दिले असेल, असाही विचार मनात येईल. कऱ्हा ही या तालुक्याची नदी. नाव मोठे, परंतु पाणी थोडे. सह्याद्रीच्या शिखरांवर ढग रिकामे होतात, आणि पूर्वेकडे सरकताना त्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे उरत नाही. तालुक्याच्या पूर्वभागात वर्षाकाठी वीस इंच पाऊस झाला तरी शेतकरी समाधान मानतो. आणि तोही नेमाने पडेल अशी खात्री नसते.

या मुलखाच्या दक्षिण कडेने नीरा नदी वाहते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यानंतर इंग्रज सरकारने नीरेचा डावा कालवा काढला आणि पुढे भाटघरचे धरण बांधले. कालव्याचे पाणी खाली बारामती-इंदापूरकडे गेले, आणि तेथे पुढे उसाचे मळे उभे राहिले. परंतु पाणी उतारानेच धावते. कऱ्हेचे खोरे व त्याभोवतीचे माळ उंचावर असल्यामुळे पुरंदरच्या बहुतेक गावांस तो कालवा दुरून पाहण्यापुरताच राहिला. एकाच दुष्काळाने दोघांस मारले, परंतु त्यावरील उपाय मात्र एकाच्याच वाट्यास आला.

त्या १८७६ च्या दुष्काळातील आणखी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. उपाशी रयतेस सरकारने काम दिले ते मुख्यतः माती वाहण्याचे आणि खडी फोडण्याचे. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की दिवसास अवघे रत्तलभर धान्य व वर एक आणा एवढ्यावर माणसाने राबावे असा हिशेब झाला. त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे सरकारच्या दारी नेले. पुढे दुष्काळ-संहिता तयार झाली, मजुरीचे नियम ठरले. तथापि ‘दुष्काळ म्हणजे खडी फोडणे’ हे समीकरण मात्र पुसले गेले नाही.

या समीकरणास पहिले समर्थ उत्तर देणारा पुरुष याच पुरंदरशी नाते सांगणारा होता. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे वास्तव्य तालुक्यातील खानवडी या गावी होते. १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीरावांनी सरकारास सुचविले की, लष्करातील व पोलिसांतील फावल्या वेळच्या मनुष्यबळाकडून डोंगरउतारांवर जागोजाग ताली व बंधारे घालून घ्यावेत, जेणेकरून पावसाचे पाणी जमिनीत मुरेल, विहिरींस झरे राहतील आणि शेताची माती वाहून जाणार नाही. पाण्याच्या प्रश्नाचे मर्म त्यांनी नेमके ओळखले होते. परंतु ग्रंथ कपाटात राहिला, आणि माती नदीत जात राहिली.

मग १९७२ साल उगवले. त्याआधीची दोन वर्षेही महाराष्ट्रास कोरडीच गेली होती. तिसऱ्या वर्षी पावसाने पूर्णच दगा दिला. विहिरींनी तळ गाठला, कडब्याअभावी जनावरे कवडीमोलाने विकली गेली, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी घरोघरी शिजू लागली. हा दुष्काळ मागील शतकातील दुष्काळांहून एका बाबतीत भिन्न ठरला : त्यात माणसांचा तसा संहार झाला नाही. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेस याच संकटात मोठे रूप आले, आणि मे १९७३ मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या सुमारे पन्नास लाखांवर पोचली. १९७७ साली त्या योजनेचा कायदा झाला व १९७९ पासून तो अमलात आला. भूकबळी टाळणारी ही व्यवस्था म्हणजे महाराष्ट्राने आपल्या इतिहासात मिळविलेला एक मोठा विजय होय, यात संशय नाही.

परंतु पोट भरले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. रस्त्यांच्या कडेने खडीचे ढीग वाढत होते. फोडणाऱ्यास रोज मिळत होता, परंतु त्या ढिगाने त्याच्या शेतातील एकही थेंब अडणार नव्हता. पुढच्या वर्षी पाऊस हुकला की हाच मनुष्य पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच हातोड्याने, तसलाच दगड फोडावयास बसणार, हे उघड होते.

हे दृश्य पाहून अस्वस्थ झालेल्यांत पुण्याचे एक कारखानदार होते. त्यांचे नाव विलासराव साळुंखे. १९३७ साली जन्मलेले विलासराव शिक्षणाने अभियंते. त्यांच्या कारखान्यात सूक्ष्म मोजमापाची उपकरणे तयार होत. केसाच्या जाडीचाही अंश मोजावयास शिकलेल्या या गृहस्थांस पुरंदरच्या रस्त्यावर श्रमाचा जो अमर्याद अपव्यय दिसला, तो सहन झाला नाही. एवढेच हात, एवढेच दिवस आणि एवढाच पैसा माती अडविण्यास व पाणी मुरविण्यास लावला तर पुढचा दुष्काळ येईल तेव्हा तो या लोकांस इतका निराधार गाठणार नाही, हा त्यांचा विचार होता. पाझर तलाव बांधावेत, असा आग्रह त्यांनी अधिकाऱ्यांजवळ धरला. तथापि सांगणे आणि करून दाखविणे यांत अंतर असते, आणि शेतकरी केवळ सांगण्यावर विश्वास ठेवीत नाही, हेही त्यांच्या लवकरच ध्यानात आले.

तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानाची सुमारे चाळीस एकर जमीन होती. जमीन म्हणावयाची ती केवळ कागदोपत्री. वस्तुतः तो डोंगरउताराचा धुपून गेलेला, मुरूम उघडा पडलेला माळ होता. विलासरावांनी ती जमीन देवस्थानाकडून पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. पत्नी कल्पनाताई यांच्यासह त्यांनी त्या माळावर झोपडी घातली, आणि शहरातील सुस्थित संसार मागे ठेवून तेथे राहावयास प्रारंभ केला. १९७४ साली ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ या संस्थेची स्थापना झाली, आणि प्रयोगास अधिष्ठान मिळाले.

त्या माळावर जे केले गेले त्यात चमत्कार काहीच नव्हता, आणि त्याचे महत्त्वही यातच आहे. येथे थोडे गणित करून पाहणे उपयोगी पडेल. एक एकर क्षेत्रावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. वर्षाकाठी वीस इंच पावसाचे वीस लाख लिटर झाले. आणि चाळीस एकरांचे आठ कोटी. ज्या माळास लोक कोरडा म्हणून नावे ठेवीत होते, त्याच्या अंगावर दरवर्षी आठ कोटी लिटर पाणी पडून निघून जात होते, आणि जाताना माती घेऊन जात होते. तेव्हा काम होते ते पाण्यास चालावयास लावण्याचे. कारण ते धावत होते.

म्हणून प्रथम उतारास आडव्या, समपातळीच्या रेषेने ताली घालण्यात आल्या. तालीमागे पाणी थबके, गाळ बसे, आणि ओल जमिनीत उतरे. माथ्याच्या भागावर गवत व झाडे राखली, म्हणजे पावसाचा मार मातीवर थेट पडू नये. उताराच्या पायथ्याशी पाझर तलाव बांधला. या तलावाचे काम पाणी साठवून उन्हात आटविण्याचे नसून ते हळूहळू भूमीत सोडण्याचे असते. तलावाच्या खालच्या बाजूस विहीर खणली. मुरलेले पाणी तिला झऱ्यांनी येऊन मिळाले. अखेरीस त्या विहिरीतून पंपाने पाणी पुन्हा वर चढवून शेतास दिले. येणेप्रमाणे जे पाणी पूर्वी एका तासात शिवार सोडून जाई, ते आता कित्येक महिने त्याच शिवारात फिरू लागले. ज्या माळावर कुसळे उगवत त्यावर ज्वारी, गहू, कडधान्ये आणि भाजीपाला दिसू लागला. आजूबाजूच्या गावांतील माणसे येत, बांधावर उभी राहत, मूठभर माती उचलून पाहत, आणि काही न बोलता परत जात. शेतकऱ्याच्या मनात शंका फिटण्याची ही पहिली पायरी असते.

मात्र पाणी अडविणे हा प्रयोगाचा सोपा भाग होता. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला : अडविलेले पाणी कोणाचे?

आपल्याकडील रूढी आणि कायदा या दोहोंचे उत्तर एकच होते. ज्याची जमीन त्याचे पाणी. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याने जमीनधारकास आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याची मोकळीक दिली होती. त्यामुळे ज्याची विहीर खोल आणि पंप मोठा, तो पाण्याचा धनी. शेजारच्या उथळ विहिरीवाल्याने आभाळाकडे पाहावे. नदीवरून पाणी उचलावयाचे झाले तरी भांडवलवाला एकटाच यंत्र बसवी, ऊस लावी, आणि गावचा ओढा माघातच कोरडा पडे. गावाच्या सामायिक श्रमाने पाणी वाढले, आणि ते एका-दोघांच्या उसात गेले, तर त्या श्रमास अर्थ तो काय?

नायगावच्या अनुभवातून आणि भोवतालच्या शेतकऱ्यांशी झालेल्या चर्चांतून विलासरावांनी याचे जे उत्तर काढले, ते आजही विलक्षण वाटते. १९७९ च्या सुमारास ‘पाणी पंचायत’ या नावाने जी चळवळ पुरंदरमध्ये पसरू लागली, तिचे नियम थोडक्यात असे होते.

पहिला नियम असा की योजना एकट्या-दुकट्याची नसावी. ती शेतकऱ्यांच्या गटाची असावी. दुसरा, पाण्याची वाटणी जमिनीच्या एकरांवर न करता घरातील माणसांवर करावी. प्रत्येक माणशी अर्ध्या एकरास पुरेल इतके पाणी, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे. तिसरा, पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नसावा. कोणी जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर विकले जाऊ नये, ते गटाकडे परत यावे. चौथा, गावातील भूमिहीनासही पाण्यात वाटा असावा. पाचवा, ऊस, केळी, हळद यांसारखी पाण्याची अधाशी पिके या पाण्यावर घेऊ नयेत. आणि सहावा, खर्चाचा काही भाग लाभ घेणाऱ्यांनी आधी आपल्या पदरचा घालावा व योजनेचा कारभारही त्यांनीच पाहावा.

या नियमांपैकी प्रत्येकाच्या मागे एकेक कटू अनुभव उभा आहे. पाच माणसांच्या कुटुंबाजवळ पंधरा एकर असोत की अडीच, पाणी अडीच एकरांपुरतेच. कारण पंधरा एकरवाल्यास भूकही काही सहापट लागत नाही. उसावरील बंदीचे गणितही तसेच सरळ. उसास वर्षभरात ऐंशी ते शंभर इंच पाणी लागते, रब्बी ज्वारीस सोळा ते वीस इंच. म्हणजे एका एकर उसाच्या पाण्यात पाच एकर ज्वारी पिकते. ज्या तालुक्यात प्यावयाचे पाणी टँकरने आणावे लागते तेथे एकाच्या नगदी पैशासाठी पाचांची भाकरी खर्ची घालणे शहाणपणाचे नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु सर्वांत क्रांतिकारक नियम भूमिहीनाचा. ज्याच्याजवळ गुंठाभरही जमीन नाही त्याने पाणी घेऊन करावयाचे काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाई. त्याचे उत्तर असे की, गावात पाण्याहून अधिक जमीन असलेला शेतकरी असतोच. भूमिहीनाने त्याची जमीन वाट्याने करावी व आपले पाणी तिला द्यावे. आजवर त्याच्याजवळ केवळ दोन हात होते, म्हणून तो मजूर होता. आता त्याच्याजवळ पाणीही आले, म्हणून तो भागीदार झाला. जमीनदाराशी बोलताना त्याचा आवाज बदलतो तो येथे. पाऊस हा कोणाच्या सातबाऱ्यावर पडत नाही, तो गावावर पडतो, हे तत्त्व जगातील फार थोड्या पाणीवाटपाच्या योजनांनी इतक्या स्पष्टपणे स्वीकारले असेल.

पैशाची व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली होती. योजनेच्या खर्चापैकी वीस टक्के गटाने उभे करावयाचे, पन्नास टक्के सरकारी अनुदानातून मिळवावयाचे, आणि उरलेले तीस टक्के प्रतिष्ठानाने बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावयाचे. समजा, एखाद्या योजनेस एक लाख रुपये खर्च आहे व गटात चाळीस कुटुंबे आहेत. तर कुटुंबामागे पाचशे रुपये प्रथम जमा व्हावयास हवेत. पाचशे रुपये दुष्काळी शेतकऱ्यास त्या काळी थोडे नव्हते. कोणी शेळी विकली असेल, कोणी घरातील किडुकमिडुक मोडले असेल. परंतु फुकट मिळालेल्या यंत्राचे तेल कोणी तपासत नाही, आणि घामाच्या पैशाने घेतलेल्या यंत्राचा आवाज बदलला तरी मालक रात्रीचा उठून पाहतो. वीस टक्क्यांचा आग्रह होता तो पैशासाठी नव्हे. मालकीच्या भावनेसाठी होता.

रोजचे पाणीवाटप हे भांडणाचे माहेर. त्यासाठी गट आपला पाटकरी नेमी. कोणाची पाळी केव्हा, किती वेळ, हे ठरलेले असे, व पाटकऱ्याने त्याप्रमाणे पाणी सोडावे. एखाद्याने दांडगाईने दार फोडले तर जाब विचारणारे दुसरे कोणी नसून त्याचेच शेजारी असत. आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांचा धाक हा फौजदाराच्या काठीहून अधिक टिकाऊ असतो. ज्या गावांत दोन भावकींचा एकमेकांशी अबोला होता, तेथेही एकाच विहिरीवर, एकाच यंत्राच्या हिशेबासाठी त्यांना एकत्र बसावे लागले.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. मोठ्या जमीनधारकांस माणशी वाटणीचा नियम जाचक वाटे, आणि भूमिहीनास बरोबरीने बसविणे कित्येकांस रुचत नसे. सरकारी कचेऱ्यांत पाण्याचा हिशेब जमिनीच्या गट-क्रमांकावर मांडला जातो. माणसांच्या संख्येवर पाणी मागणारा अर्ज कोणत्या रकान्यात भरावा, हाच तेथे पेच. पाणी उचलण्याची परवानगी, अनुदानाची मंजुरी आणि विजेची जोडणी या तीन दारांशी गटांस दीर्घकाळ तिष्ठावे लागे. एकीकडे पावसाळा निघून जाई, दुसरीकडे जमविलेले वीस टक्के पडून राहत. ज्यांचा धीर खचला ते गळाले. ज्यांचा टिकला त्यांनी योजना उभ्या केल्या. तरीही पुरंदर आणि आसपासच्या भागांत अशा योजना डझनावारी झाल्या, आणि पुण्या-मुंबईस हमालीसाठी गेलेली कित्येक कुटुंबे परत येऊन आपल्या शेतात उभी राहिली.

प्रयोगाचा पडसाद तालुक्याबाहेरही उमटला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी या गावी १९७५ पासून अण्णा हजारे यांनी जे पाणलोटाचे काम उभारले, त्याआधी त्यांनी विलासरावांचे काम पाहून त्यातून बोध घेतला होता. सांगली जिल्ह्यात येरळा नदीकाठच्या शेतकऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात आपल्या श्रमाने ‘बळीराजा’ नावाचे धरण बांधले, आणि त्याच्या पाण्यात भूमिहीनांसह सर्वांस समान वाटा असावा असा आग्रह धरला. १९९० नंतर हिवरेबाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर व उसासारख्या पिकांवर स्वतःहून बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. या गावांचे मार्ग पुष्कळसे भिन्न आहेत. परंतु पाणी अडविण्याबरोबरच त्याच्या वापरास शिस्त लागते, हा पाठ सर्वत्र एकच आहे.

२००२ साली विलासराव निवर्तले. कल्पनाताईंनी व सहकाऱ्यांनी काम पुढे चालविले. तथापि इतिहास लिहावयाचा तर तो अर्धा लिहून भागत नाही. पाणी पंचायतीच्या मूळ योजनांपैकी कित्येक पुढे बंद पडल्या. कोठे उगमाचे पाणीच कमी झाले. कोठे विजेचे बिल थकले. कोठे जुनी पिढी जाऊन नव्या पिढीस एकत्र बसण्याची सवय उरली नाही. कोठे दुरून कालव्याचे वा नळाचे पाणी येण्याची आशा निर्माण झाली आणि माणशी वाटणीचे बंधन नकोसे वाटू लागले. संकटात माणसे समतेस राजी होतात. सुगी आली की प्रत्येकास आपल्या बांधाची आठवण होते. पाणी पंचायतीच्या इतिहासातील हा भाग दुःखद खरा, परंतु तिच्या तत्त्वाचा पराभव करणारा नव्हे. ज्या ठिकाणी नियम पाळले गेले तेथे योजना पाणी कमी पडून मोडली तरी भांडणाने मोडली नाही, असे म्हणावयास जागा आहे.

कायद्यानेही पुढे काही पावले टाकली. २००५ साली महाराष्ट्रात पाणीवापर संस्थांचा, म्हणजे शेतकऱ्यांकडून सिंचनाचे व्यवस्थापन करविण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही कायदा आला. पाणी मोजून द्यावे, त्याचा कारभार शेतकऱ्यांनी चालवावा, हा पाणी पंचायतीचा अर्धा विचार त्यामुळे राज्याने मान्य केला. परंतु उरलेला अर्धा तसाच राहिला. संस्थेचा सभासद होतो तो लाभक्षेत्रातील जमीन कसणारा. ज्याला जमीन नाही त्याचे नाव त्या पुस्तकात अद्याप येत नाही.

हे सारे ऐकून सालवड-बोईसरच्या श्रोत्यास वाटेल की वीस इंच पावसाच्या मुलखातील ही गोष्ट नव्वद इंचवाल्यांस काय कामाची? परंतु त्याच जिल्ह्यातील सूर्या नदीचे उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर आहे. धामणीचे धरण बांधताना डोंगराळ भागातील आदिवासी शेतकऱ्यांच्या रानास पाणी मिळेल, हा मोठा हेतू सांगितला गेला होता. आज त्या नदीचे पाणी तारापूरच्या कारखान्यांस जाते, वसई-विरारसारख्या वाढत्या शहरांस जाते. आणि शेतास किती उरावे, हा वाद गावोगाव चालू आहे. शहरासही तहान आहे आणि कारखान्यासही. त्यांची गरज खोटी नाही. तरीही ज्याच्या डोंगरावर तो पाऊस पडतो आणि ज्याची जमीन धरणाखाली गेली, त्याचा वाटा कोणत्या मापाने मोजावयाचा, या प्रश्नाचे उत्तर नळाच्या व्यासावरून मिळत नाही. ते मिळवावयाचे तर एका मोजमापाची उपकरणे करणाऱ्या कारखानदाराने नायगावच्या माळावर जो प्रश्न विचारला, तोच विचारावा लागेल : पाणी किती एकरांचे, हे नव्हे, पाणी किती माणसांचे?

दुष्काळ हा पावसाच्या अभावाने सुरू होतो, परंतु तो टिकतो वाटणीच्या अभावाने. १८७६ च्या रयतेस खडी मिळाली, १९७२ च्या रयतेस मजुरी मिळाली. नायगावच्या माळाने त्यापुढचे पाऊल टाकून दाखविले, आणि आपल्या पाण्याचा हिशेब आपण एकत्र बसून करण्याचा हक्क माणसास दिला. तो हक्क जेथे जपला जाईल तेथे पाऊस वीस इंच असो वा शंभर, चैत्रातल्या हंड्याचा भार थोडा तरी हलका होईल.